गुंठा आणि चटईक्षेत्र: नांदेड-लातूरच्या घरांची कहाणी

तेहतीस फूट लांब आणि तेहतीस फूट रुंद अशा जमिनीच्या तुकड्यास गुंठा म्हणतात. असे चाळीस गुंठे मिळून एक एकर होतो. शेतकऱ्याच्या हिशेबांत गुंठा ही अगदीं किरकोळ बाब. बांधावरच्या दोन बाभळीच तेवढी जागा अडवून बसतात. परंतु तीच जमीन शहराच्या वेशीजवळ आली म्हणजे तिचें मोल पालटतें. त्या एका गुंठ्यांत दोन कुटुंबांचे संसार उभे राहतात, कागदोपत्रीं भांडणें उभीं राहतात, आणि कधीं कधीं राज्याच्या विधिमंडळास त्यासाठीं कायदाही करावा लागतो. नांदेड आणि लातूर ह्या मराठवाड्यांतील दोन शहरांत घर बांधण्याचा हक्क गेल्या शंभर वर्षांत कोणीं, कोणास आणि कोणत्या मापानें दिला, हें पाहूं लागल्यास हा गुंठा पुन्हा पुन्हा वाटेंत आडवा येतो.

दोन्ही शहरांची जडणघडण भिन्न आहे. नांदेड हें गोदावरीकांठचें पुरातन गांव. १७०८ सालीं गुरु गोविंदसिंग ह्यांनीं येथेंच देह ठेविला, आणि १८३२ ते १८३७ ह्या काळांत महाराजा रणजितसिंगांच्या आज्ञेनें येथील सचखंड गुरुद्वाराची इमारत उभी राहिली. नदी, घाट, देवळें, दर्गे आणि गुरुद्वारा ह्यांच्या आश्रयानें वस्ती वाढत गेली. तिला आंखून देणारा कोणी नव्हता. घराला घर लागलें, गल्लीला गल्ली फुटली, आणि बैलगाडी कशीबशी निघेल एवढीच वाट मध्यें उरली. लातूर हें त्या मानानें व्यापाऱ्यांचें गांव. बार्शी लाईट रेल्वेचा अडीच फुटी रूळ १९११ सालीं लातुरास येऊन पोहोंचला आणि पेठेस तेज चढलें. पुढें १९१७ सालीं तेथें गंजगोलाई उभी राहिली. ज्या श्रोत्यांनीं ती पाहिली असेल त्यांना तिचें वर्णन सांगण्याची आवश्यकता नाहीं: मध्यें अंबादेवीचें देऊळ, भोंवतीं वर्तुळाकार बाजारपेठ, आणि तिला चहूंकडून येऊन मिळणारे सोळा रस्ते. दागिन्यांचा बाजार एकीकडे, पादत्राणांचा दुसरीकडे, गूळ-मिरचीचा तिसरीकडे. कोणत्या धंद्यानें कोठें बसावें हें ठरवून देणें ह्यासच आजच्या परिभाषेंत क्षेत्रविभागणी म्हणतात. म्हणजे लातुरास ही कल्पना शंभर वर्षांपूर्वींच परिचित झालेली होती. फक्त ती दुकानांपुरती होती. त्या दुकानांत पोतीं वाहणाऱ्या हमालानें रात्रीं कोठें निजावें, ह्याची आंखणी त्या वर्तुळांत कोठेंच नव्हती.

निजामाच्या राज्यांत राहण्याच्या घरांची चिंता मुळींच कोणीं केली नाहीं, असें मात्र नव्हे. २८ सप्टेंबर १९०८ रोजीं मुसा नदीस महापूर येऊन हैदराबादेंत हजारों माणसें दगावलीं. त्या आघातानंतर १९१२ सालीं तेथें शहर सुधार मंडळ स्थापन झालें. दाट व रोगट वस्त्या हलवून त्यांच्या जागीं कमी उत्पन्नाच्या लोकांसाठीं प्रतवारीनें घरें बांधण्याचें काम ह्या मंडळानें दीर्घकाळ केलें, आणि हिंदुस्थानांतील अशा प्रयत्नांत त्याला वरचें स्थान द्यावें लागेल. पण त्याचें कार्यक्षेत्र राजधानीपुरतें. सीमेपलीकडे मुंबई इलाख्यांत १९१५ सालीं नगररचनेचा कायदा झाला होता. त्याच्याही पूर्वीं, १८९१ सालीं, जर्मनींतील फ्रांकफुर्ट शहरानें आपले पट्टे पाडून प्रत्येक पट्ट्यांत किती दाट व किती उंच बांधावें ह्याचे नियम घालून दिले होते. नांदेडास उस्मानशाही कापडगिरणी निघाली आणि खेड्यापाड्यांतून कामकरी येऊं लागले, तेव्हां ह्यांतली एकही गोष्ट त्यांच्या उपयोगाची नव्हती. हैदराबाद दूर होतें, आणि मुंबई तर परराज्यच.

सप्टेंबर १९४८ मध्यें निजामी राजवट संपली, १९५६ मध्यें मराठवाडा मुंबई राज्यांत आला आणि १९६० मध्यें महाराष्ट्र राज्य स्थापन झालें. राज्यें पालटलीं तरी कायदे सावकाश पालटतात. घरभाड्याच्या नियंत्रणाचा हैदराबाद राज्याचा १९५४ चा कायदा मराठवाड्यांत थेट मार्च २००० पर्यंत अंमलांत होता. त्यानें जुन्या वाड्यांतील भाडेकरूंस संरक्षण मिळालें. पण वाड्याची डागडुजी करण्यांत मालकाचें मन राहिलें नाहीं, हेंही तितकेंच खरें.

नगररचनेच्या दृष्टीनें खरा बदल झाला तो १९६६ च्या महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना कायद्यानें. ११ जानेवारी १९६७ पासून तो लागू झाला. प्रत्येक शहरानें आपला विकास आराखडा करावा, त्यांत राहण्याची, व्यापाराची, कारखान्यांची आणि शेतीची जमीन निरनिराळ्या रंगांनीं दाखवावी, आणि रंगाबाहेर बांधकाम होऊं देऊं नये, असा ह्या कायद्याचा इत्यर्थ. राहण्याच्या जमिनीस पिवळा रंग, शेतीच्या जमिनीस हिरवा. जन्मकुंडलींतील ग्रहाप्रमाणें हा रंग जमिनीचें भवितव्य ठरवूं लागला. एकाच बांधाच्या अलीकडची जमीन पिवळी आणि पलीकडची हिरवी निघाली, तर दोघां शेजाऱ्यांच्या नशिबांत जमीन-अस्मानाचें अंतर पडे. ह्याच्या जोडीला त्याच वर्षींच्या जमीन महसूल संहितेनें शेतजमिनीवर घर बांधण्यापूर्वीं जिल्हाधिकाऱ्याची अकृषिक परवानगी घेण्याचा दंडक घातला.

ह्या सर्व नियमांच्या मुळाशीं आणखी एक माप आहे आणि त्याचें नांव मोठें मजेदार आहे: चटईक्षेत्र. घरांतील सर्व मजल्यांच्या जमिनीचें क्षेत्रफळ एकत्र करून त्याला भूखंडाच्या क्षेत्रफळानें भागलें म्हणजे चटईक्षेत्र निर्देशांक निघतो. हजार चौरस फुटांच्या भूखंडावर निर्देशांक एक असेल तर हजार चौरस फूट बांधतां येतें, मग तें एका मजल्यावर बांधा कीं दोन मजल्यांवर. निर्देशांक वाढविणें म्हणजे जमीन न वाढवितां जमीन देण्यासारखेंच आहे. सरकारच्या तिजोरींतून एक पैसाही न जातां मालकाच्या हातांत संपत्ति येते. म्हणूनच जगांतील अनेक सरकारांना ह्या युक्तीचा मोह पडला. न्यूयॉर्क शहरानें १९६१ सालीं, इमारतीपुढें लोकांसाठीं मोकळें पटांगण सोडणाऱ्यास वाढीव मजले देऊं केले. कॅलिफोर्निया संस्थानानें १९७९ सालीं कायदा करून, कांहीं घरें गरिबांना परवडतील अशा किंमतीस देणाऱ्यास अधिक घरें बांधण्याची मुभा दिली. मुंबईंत १९९५ पासून झोपडपट्टी पुनर्वसनाची जी योजना आली, तींत झोपडीवासीयास २२५ चौरस फुटांचें घर फुकट मिळावें आणि त्याचा खर्च बांधणाऱ्यानें वाढीव चटईक्षेत्र बाजारांत विकून भरून काढावा, अशी तजवीज होती.

ही युक्ति कोठें चालते आणि कोठें चालत नाहीं, हें समजून घेतल्याशिवाय नांदेड-लातूरचा पुढचा इतिहास उलगडत नाहीं. मुंबईंत एक चौरस फूट बांधण्यास जो खर्च येतो त्याच्या कितीतरी पट किंमतीस तो विकला जातो. मधला फरक हा जमिनीच्या दुर्मिळतेचा. त्या फरकांतूनच गरिबाच्या घराचा खर्च निघूं शकतो. जेथें शहराबाहेर मैल-दीड मैलावर ज्वारी-सोयाबीनचीं रानें पसरलेलीं आहेत आणि माणसाला वरच्या मजल्यापेक्षां जमिनीवरचें घर अधिक प्रिय आहे, तेथें हा फरक बारीक होतो. चौथ्या मजल्याचा हक्क फुकट दिला तरी तो बांधून विकण्याइतकें गिऱ्हाईक हवें. उद्वाहकाचा खर्च आणि पाण्याचा प्रश्न हे आणखी निराळेच. वाढीव चटईक्षेत्राचें नाणें मुंबईंत खणखणीत वाजतें, नांदेडांत मध्यम वाजतें, आणि लातूरच्या एखाद्या कडेच्या वस्तींत तें वाजतच नाहीं.

मराठवाड्यांतील गरिबांस दाट पण ठेंगणी वस्ती मानवते, ह्याचा एक चांगला दाखला नांदेडांतच आहे. १९७० सालीं स्थापन झालेल्या सिडको महामंडळाकडे पुढें नवीन नांदेडची उभारणी सोंपविण्यांत आली. वाघाळ्याच्या परिसरांत लहान भूखंडांवर एकमेकांस लागून बैठ्या घरांच्या ओळी बांधण्यांत आल्या. आजही तो भाग सिडको-हडको ह्याच नांवानें ओळखला जातो. येथें उंच इमारतींचें नांव नव्हतें. घर लहान, भिंत सामाईक, पुढें थोडें अंगण. पैसा हातीं आला कीं मालक मागें एक खोली काढी, मुलाचें लग्न ठरलें कीं वर एक खोली चढवी. वस्ती दाट झाली ती माणसाच्या गरजेप्रमाणें, हळूहळू. १९९७ सालीं नांदेड व वाघाळा मिळून महानगरपालिका झाली, तेव्हां ही वस्ती शहराचा मोठा घटक बनून गेली होती.

परंतु सरकारी वसाहत किती जणांना पुरणार? १५ ऑगस्ट १९८२ रोजीं लातूर हा स्वतंत्र जिल्हा झाला. कचेऱ्या आल्या, बाजार वाढला, आणि परीक्षांतील यशानें ‘लातूर पॅटर्न’ असें नांव मिळविलेल्या महाविद्यालयांकडे गांवोगांवचे विद्यार्थी लोटूं लागले. ज्याच्याजवळ मोक्याची जागा होती त्यानें घरावर खोल्या चढवून त्या विद्यार्थ्यांना भाड्यानें दिल्या. नवीन बांधलेल्या खोल्यांचा मोठा भाग अशा रीतीनें शिकणाऱ्या मुलांकडे गेला. १९९१ सालीं सुमारे दोन लाख असलेली शहराची लोकसंख्या २०११ सालीं सुमारे ३ लाख ८३ हजारांवर गेली. वीस वर्षांत वस्ती दुप्पट होऊं घातली, आणि आराखड्यांतील पिवळा रंग मात्र तेथल्या तेथेंच. पिवळ्या जमिनीचा भाव हमालाच्या, गवंड्याच्या, धुणीभांडीं करणाऱ्या बाईच्या आवांक्याबाहेर गेला. हिरवी जमीन समोर पसरलेली होती.

येथूनच गुंठेवारीला सुरुवात झाली. पद्धत अगदीं साधी. वेशीवरच्या शेताचा मालक कर्जानें गांजलेला असे, किंवा नुसता भावाच्या लोभानें पुढें येई. एखादा मध्यस्थ शेतांत खुंट्या ठोकी. वीस फूट रुंद आणि सत्तावीस फूट लांब, म्हणजे जवळजवळ अर्ध्या गुंठ्याचे तुकडे पाडले जात. मध्यें पंधरा-वीस फुटांची वाट सोडली जाई. शाळेस जागा नाहीं, बागेस नाहीं, गटारास तर नाहींच. कारण अशी प्रत्येक जागा म्हणजे न विकलेला गुंठा. कागद म्हणजे शंभर रुपयांच्या मुद्रांकावर लिहिलेला करार. लोक त्यास नुसतें ‘बाँड’ म्हणत. सातबाऱ्यावर शेतकऱ्याचेंच नांव राही आणि पीकपाण्याच्या रकान्यांत ज्वारी डुलत असे. पत्र्याच्या दोन खोल्या पहिल्या वर्षीं, विटेची भिंत चौथ्या वर्षीं, स्लॅब दहाव्या वर्षीं, असा संसार चढत जाई.

नगररचनाकाराच्या दृष्टीनें हा सर्व प्रकार बेकायदा होता ह्यांत संशय नाहीं. पण किंचित थांबून पाहिलें तर ध्यानांत येतें कीं, जें काम आराखड्यानें करावयास हवें होतें तेंच लोकांनीं खुंट्या ठोकून केलें. शेतीचा पट्टा राहण्याचा केला, भूखंड लहान केला, वस्ती दाट केली आणि घर स्वस्त केलें. फक्त त्याची किंमत त्यांनीं दुसऱ्या रूपानें मोजली. नळ नाहीं, पावसाळ्यांत गुडघाभर चिखल, बाँडवर बँक कर्ज देत नाहीं, आणि पाडापाडीची टांगती तलवार. मध्यस्थानें तोच तुकडा दोघांस विकला, तर न्याय कोणाकडे मागावा हेंही कळत नसे.

अखेर २००१ सालीं राज्यानें गुंठेवारी विकास नियमाधीन करण्याचा कायदा केला. १ जानेवारी २००१ पूर्वीं पडलेले भूखंड, ठराविक शुल्क भरून घेऊन नियमित करून द्यावेत, अशी त्यांत तरतूद होती. पुढें २०२१ सालीं दुरुस्ती करून ही तारीख ३१ डिसेंबर २०२० पर्यंत पुढें नेण्यांत आली. ज्यांचे तुकडे त्या वीस वर्षांत पडले त्यांच्या दृष्टीनें हा दिलासाच होता. तथापि तारखा पुढें ढकलण्यांत एक धोका दडलेला असतो आणि तो मध्यस्थांस फार लवकर उमगतो: आज जें बेकायदा आहे तें उद्यां नियमित होईल, असें सांगून ते पुढच्या शेतांत खुंट्या ठोकूं लागतात.

शहरांत हें असें चाललें असतां लातूर जिल्ह्याच्या खेड्यांत घरांच्या दाटीविषयींचा एक निराळाच प्रयोग घडला, आणि तो एका भीषण आपत्तींतून. ३० सप्टेंबर १९९३ रोजीं पहाटे चारच्या सुमारास किल्लारीच्या परिसरांत भूकंप झाला. लातूर आणि तेव्हांचा उस्मानाबाद, आतांचा धाराशिव, ह्या दोन जिल्ह्यांत आठ हजारांच्या आसपास माणसें मृत्युमुखीं पडलीं. दगडामातीच्या रुंद भिंती आणि त्यांच्यावर जड माळवद, अशीं तीं घरें. एकमेकांस खेटून, अरुंद बोळांच्या दोहों बाजूंस उभीं असलेलीं. भिंती आंत कोसळल्या, आणि वांचलेल्यांस बोळ बंद झाल्यानें बाहेर पडतां येईना. त्या रात्रीनें लोकांच्या मनांत दगडाचें आणि दाटीचें भय बसलें तें स्वाभाविकच होतें.

जागतिक बँकेच्या कर्जाच्या साहाय्यानें पुनर्वसनाचा मोठा कार्यक्रम हातीं घेण्यांत आला. बावन्न गांवें मूळ जागेवरून हलवून नवीन जागीं वसविण्यांत आलीं. ह्या नव्या गांवांत रस्ते सरळ आणि रुंद, घरें सुटीं सुटीं. जुन्या गावठाणाच्या कितीतरी पट जमीन नव्या गांवानें व्यापली. शेजारणीला ओट्यावरून हांक मारण्याची सोय गेली. पाण्याची नळी आणि विजेची तार लांबली, आणि त्यांच्या देखभालीचा भार ग्रामपंचायतीच्या तोकड्या उत्पन्नावर पडला. पण ह्याहून महत्त्वाची गोष्ट घराच्या आकाराची. कोणास किती मोठें घर द्यावें, हें कुटुंबाच्या जमिनीवरून ठरलें. भूमिहीन आणि एक हेक्टरपर्यंत जमीन असणाऱ्यास २५० चौरस फूट, एक ते सात हेक्टरवाल्यास ४५० आणि त्याहून मोठ्या शेतकऱ्यास ७५०. मोठ्या शेतकऱ्यास धान्य, अवजारें, जनावरें ह्यांसाठीं जागा अधिक लागते, हें ह्या नियमाच्या बाजूनें सांगतां येईल, आणि तें अगदींच खोटें नाहीं. तथापि घरांत माणसें किती, हा प्रश्न त्या कोष्टकाच्या आकारांत नव्हता. सात माणसांचा मजूर अडीचशे फुटांत आणि तीन माणसांचा बागाईतदार साडेसातशें फुटांत, असा त्याचा हिशेब निघूं शकत होता. शहराच्या भाषेंत बोलावयाचें तर वाढीव चटईक्षेत्र येथें जमिनीस मिळालें, माणसास मिळालें नाहीं. थोड्याच वर्षांत त्या लहान घरांपुढें पत्र्याचीं छपरें आणि मागें कुडाच्या भिंती दिसूं लागल्या. कोष्टकानें न विचारलेल्या प्रश्नाचें उत्तर लोकांनीं आपल्या हातानें लिहिलें.

नांदेडास अशी मोठी संधि आली ती एका पर्वाच्या निमित्तानें. २००८ सालीं गुरु-ता-गद्दीच्या त्रिशताब्दीचा सोहळा होता. ३ डिसेंबर २००५ रोजीं सुरू झालेल्या जवाहरलाल नेहरू राष्ट्रीय नागरी पुनरुत्थान अभियानांत नांदेडचा समावेश झाला. रस्ते रुंद झाले, गुरुद्वाराचा परिसर मोकळा झाला, विमानतळ सजला. त्याच अभियानाच्या शहरी गरिबांसाठींच्या भागांतून झोपडपट्ट्यांच्या जागींच पक्कीं घरें बांधण्याचें काम निघालें. ह्या पद्धतीचा मोठा गुण असा कीं माणसाची जागा सुटत नाहीं. कामाचें ठिकाण, मुलांची शाळा, उधार देणारा किराणा दुकानदार, सारें होतें तेथेंच राहतें. लाभार्थ्यानें खर्चाचा दहा ते बारा टक्के वांटा द्यावयाचा होता. अडचण निघाली ती मापाची. झोपडी काढून पाहावी तों खालची जागा इतकी लहान कीं नियमाप्रमाणें सोडावयाची मोकळी जागा सोडली तर घरच उरत नाहीं. लातूर मात्र त्या अभियानाच्या यादींत नव्हतें. तशा शहरांसाठीं निराळा, आकारानें लहान कार्यक्रम होता.

आतां वाढीव चटईक्षेत्राच्या नियमाकडे वळावयास हरकत नाहीं. ८ नोव्हेंबर २०१३ रोजीं राज्य शासनानें सर्वसमावेशक गृहनिर्माणाचा नियम काढला आणि तोच पुढें डिसेंबर २०२० मध्यें अंमलांत आलेल्या एकत्रीकृत विकास नियंत्रण व प्रोत्साहन नियमावलींत आला. चार हजार चौरस मीटर किंवा त्याहून मोठ्या, म्हणजे साधारण एक एकराच्या, भूखंडावर घरें बांधणाऱ्यानें मूळ चटईक्षेत्राच्या वीस टक्क्यांइतकीं लहान घरें दुर्बल व अल्प उत्पन्न गटांसाठीं बांधावींत. हें बांधकाम मूळ हक्कांतून वजा होत नाहीं, तें त्याच्यावर वाढीव मिळतें. मूळ निर्देशांक १.१० धरला तर चार हजार मीटरांवर ४,४०० मीटर बांधतां येतें. त्याचा पांचवा हिस्सा ८८० मीटर, आणि चाळीस मीटरांचें एक घर धरलें तर बावीस घरें. एका एकरामागें बावीस गरीब कुटुंबें. हिशेब लोभस आहे. पण नियमाच्या आरंभींच एक अट आहे: हें बंधन दहा लाख किंवा त्याहून अधिक लोकसंख्येच्या महानगरपालिकांना. २०११ च्या जनगणनेंत औरंगाबादची, आतांच्या छत्रपती संभाजीनगरची, लोकसंख्या दहा लाखांवर होती. नांदेडची सुमारे साडेपांच लाख. २०११ च्याच ऑक्टोबरांत महानगरपालिका झालेल्या लातूरची तर चार लाखांच्याही आंत. म्हणून मराठवाड्यांत बावीस घरांचा हा हिशेब एकट्या संभाजीनगराच्या वांट्यास आला.

ह्या मर्यादेचें समर्थन करणाऱ्यांचें म्हणणें असें कीं, लहान शहरांत अशी सक्ती केली तर बांधणारा मोठा भूखंडच घेणार नाहीं, तो चार हजार मीटरांचे दोन तुकडे पाडील. त्यांत तथ्य आहे. वर सांगितलेला बाजारभावाचा बारीक फरक त्यांच्याच बाजूनें साक्ष देतो. पण मग लहान शहरांतील गरिबांसाठीं त्याच नियमावलींत दुसरें काय आहे, हें पाहणें भाग पडतें. आणि तेथें गांठ पडते रस्त्याच्या रुंदीशीं. अधिमूल्य भरून किंवा विकास हक्कांच्या हस्तांतरणानें जें वाढीव चटईक्षेत्र मिळतें, तें भूखंडासमोरील रस्ता जितका रुंद तितकें अधिक. रस्ता नऊ मीटरांहून, म्हणजे सुमारे तीस फुटांहून, अरुंद असेल तर ह्या दोन्ही मार्गांनीं कांहींच मिळत नाहीं. आगीचा बंब आंत जावा, गटाराचा भार सोसावा, ह्या हेतूनें केलेला हा नियम अविचारी म्हणतां येत नाहीं. किल्लारीचे बोळ ज्यांना आठवतात ते तर त्यास दोष देणार नाहींत. परंतु त्याचा परिणाम पाहावा. गंजगोलाईच्या आंतल्या गल्ल्या, नांदेडचें जुनें गांव, आणि गुंठेवारींतील ती पंधरा-वीस फुटांची वाट ह्यांतील बहुतेक सारीं घरें ह्या मापाच्या अलीकडेच राहतात. शहराबाहेरच्या वळणरस्त्यावरील मोकळा भूखंड मात्र मापांत बसतो. ज्यांना एक खोली वाढविण्याची निकड आहे त्यांच्यासमोर रस्ता अरुंद, आणि ज्याच्यासमोर रस्ता रुंद आहे त्याला ग्राहकाची वाट पाहण्यास सवड.

दाटी वाढविण्याच्या ह्या चर्चेंत लातूरकर आणखी एक प्रश्न विचारतील आणि तो विचारण्याचा त्यांना पूर्ण अधिकार आहे. एप्रिल २०१६ मध्यें ह्या शहरास रेल्वेनें पिण्याचें पाणी आणावें लागलें. मिरजेहून निघालेल्या पहिल्या गाडीस दहा वाघिणी होत्या आणि तींत पांच लाख लिटर पाणी होतें. पुढें पन्नास वाघिणींची गाडी धांवूं लागली. नांदेडास गोदावरीवरील विष्णुपुरीच्या जलाशयाचा आधार आहे. लातूर मांजरा धरणावर विसंबून, आणि तें त्या उन्हाळ्यांत कोरडें पडलेलें. मजले वाढविण्याची परवानगी कागदावर देतां येते, टांकी भरण्याची देतां येत नाहीं. दुष्काळांतल्या टँकरची घागर वरच्या मजल्यावर चढविणाऱ्या बाईला चटईक्षेत्राचा निर्देशांक निराळ्याच रीतीनें कळतो.

२५ जून २०१५ पासून सुरू झालेल्या प्रधानमंत्री आवास योजनेनें तिसरी एक वाट उघडली. स्वतःच्या जागेवर घर बांधणाऱ्यास केंद्राचे दीड लाख आणि राज्याचे एक लाख, असे अडीच लाख रुपये. बैठें घर, स्वतःची भिंत, हळूहळू वाढणारें बांधकाम: मराठवाड्याच्या प्रकृतीस हीच वाट अधिक मानवणारी. शेतीच्या हिरव्या पट्ट्यांतही अशा योजनेच्या घरांस मर्यादित चटईक्षेत्रांत परवानगी देण्याचें धोरण राज्यानें स्वीकारलें. म्हणजे ज्या खुंट्या आजवर मध्यस्थ ठोकीत आला, त्या सरकारी आंखणींत ठोकण्याची सोय झाली. पण अडीच लाखांचा अर्ज करतांना पहिला कागद मागितला जातो तो जागेच्या मालकीचा. येथें बाँड चालत नाहीं. ज्यानें गुंठेवारीचें शुल्क भरून आपला तुकडा नियमित करून घेतला आहे तो अर्ज करूं शकतो. ज्याच्याजवळ शुल्काचे पैसे नाहींत त्याला अनुदानही नाहीं. अनेक घरांत असें झालें आहे कीं अनुदान मिळविण्यासाठीं आधीं सोनें मोडून शुल्क भरावें लागतें, आणि मग अनुदानाचा पहिला हप्ता येईपर्यंत पाया खणून पडलेला राहतो.

२०२१ सालीं व्हावयाची जनगणना झाली नाहीं. तिच्या जागीं होणाऱ्या गणनेसाठीं १ मार्च २०२७ हा संदर्भदिवस ठरविण्यांत आला. सर्वसमावेशक घरांचा नियम लागू व्हावा कीं नाहीं, हें अखेरच्या जनगणनेच्या आंकड्यावरून ठरतें. २०११ च्या आंकड्यापासून नांदेडास दहा लाखांचा उंबरठा गांठावयाचा तर आणखी साडेचार लाख माणसें हवींत, आणि लातुरास सहा लाखांहून अधिक. गुंठेवारींतील कुटुंबें त्या गणनेंत एकूण एक मोजलीं जातील. त्यांच्या दारांतली वाट मात्र तींत मोजली जात नाहीं.